गिरगावच्या व्यायामशाळेसाठी केटलबेल: वजनं ठरवण्याच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

तळमजल्यावरची खोली, शहाबादी फरशी, रस्त्याच्या बाजूला एक खिडकी. आत सध्या मुद्गलांच्या जोड्या, जोर मारायचे लाकडी ठोकळे, एक बार आणि गंज धरलेल्या प्लेटा. केटलबेल, म्हणजे वर हँडल असलेले लोखंडी गोळे, यांसाठी मंडळाने ४५,००० रुपये मंजूर केले आहेत. वजनं, जमिनीवरची मॅट आणि ठेवायची मांडणी हे सगळं त्यातच बसवायचं.

वापरणारे तीन गट. सकाळी बायकांची बॅच, संध्याकाळी कॉलेजची मुलं, शनिवार-रविवारी साठीच्या आसपासचे काका.

बैठकीत सूचना आली की ४ पासून ३२ पर्यंत चार-चारच्या टप्प्याने एकेक घेऊन टाका. बेरीज केली तर हा संच १४४ किलो भरतो. त्यातले ६० किलो एकट्या २८ आणि ३२ मध्ये जातात आणि ती दोन वजनं हाताळणारं आज इथे कोणी नाही. ४ किलोचं वजनही लोक फार लवकर मागे टाकतात. म्हणून आधी लोकांची ताकद तपासायची, मगच यादी करायची, असं ठरलं.

९ एप्रिल

तपासणीसाठी ओळखीच्या प्रशिक्षकांकडून ८, १२, १६ आणि २४ किलोचे बेल उसने आणले.

एका माणसाला एकच वजन पुरत नाही, हे सगळ्यांना सुरुवातीलाच सांगावं लागलं. स्विंगमध्ये, म्हणजे बेल पायांमधून मागे नेऊन छातीपर्यंत झुलवताना, खुबा आणि मांड्या काम करतात, म्हणून तिथे वजन जास्त चालतं. एका हाताने डोक्यावर प्रेस करताना सगळा भार खांद्यावर येतो, तिथे वजन निम्म्यावर आणावं लागतं. गॉब्लेट स्क्वाट, म्हणजे बेल छातीशी धरून मारलेली बैठक, या दोघांच्या मधे. दुकानात जाऊन एक बेल उचलून बघायचा आणि ‘हा जमतोय’ म्हणून घ्यायचा, यात फसगत होते ती यामुळेच. जमिनीवरून कमरेपर्यंत उचलायला १६ किलो जवळजवळ प्रत्येकाला जमतं. तेच डोक्यावर नेताना निम्मे लोक अडतात.

प्रेसच्या तपासणीची पद्धत लिहून भिंतीवर लावली. बेल रॅकमध्ये घ्यायचा: मूठ हनुवटीखाली, कोपर बरगड्यांना टेकलेलं, मनगट सरळ, बेलचा गोळा कोपराखालच्या हाताच्या बाहेरच्या अंगाला. नितंब आवळायचे, गुडघे ताठ. श्वास सोडत वर, दंड कानाशी येईपर्यंत. तसंच हळू खाली. पाच वेळा झाल्यावर अजून एक-दोन सहज होतील असं वाटलं, तर ते वजन त्या माणसाचं.

तपासणी थांबवायची कधी, हेही तिथेच लिहिलं. पाठ मागे झुकली, गुडघ्याने हलका झटका दिला, मनगट मागे मुडपलं किंवा खांदा कानाकडे चढला, की ती रेप, म्हणजे ते एकदाचं उचलणं, धरायची नाही. संध्याकाळच्या मुलांपैकी बरेच १६ किलोवर ‘दहा झाले’ म्हणत होते. झटके वजा केल्यावर आकडा खूप खाली आला.

मोजणी कमजोर हाताने करायची, बहुतेकांचा डावा. उजव्याने ठरवलेलं वजन डाव्याला जड जातं, मग माणूस कंबर वाकवून ते भागवतो.

१३ एप्रिल

ही नोंद सविस्तर लिहितो आहोत, कारण खरेदीचा सगळा हिशेब यावर उभा आहे.

बाजारात केटलबेल साधारणपणे ४-४ किलोच्या टप्प्यात मिळतात. त्याचं मूळ रशियातल्या पूड या जुन्या मापात आहे. एक पूड म्हणजे १६.३८ किलो, १६, २४ आणि ३२ ही ठळक वजनं एक, दीड आणि दोन पूडवरून आली. जड बाजूला ४ किलोची वाढ निभते. हलक्या बाजूला मात्र तीच वाढ अंगावर येते. २४ वरून २८ ला जाताना भार साधारण १७ टक्के वाढतो, १२ वरून १६ ला ३३ टक्के आणि ८ वरून १२ ला थेट ५० टक्के.

याचा अर्थ रेपमध्ये काढून बघितला. एप्लीचं सूत्र सोपं आहे: रेपच्या संख्येला ३० ने भागा, त्यात १ मिळवा, त्याला वजनाने गुणा, म्हणजे एका रेपची अंदाजे कमाल ताकद मिळते. १२ किलो एकदा प्रेस करायचं तर ८ किलोवर सुमारे १५ रेप काढता यायला हव्यात. मधे १० किलोचा बेल असेल, तर ८ वर ८ रेप झाल्या की १० एकदा वर जातो. दहा रेपच्या पुढे या सूत्राचा नेम ढळतो, म्हणून १५ हा आकडा तंतोतंत धरू नये. तरी अडचण कुठे आहे ते त्यातून स्वच्छ दिसतं.

आणि ती खोलीतही दिसली. सकाळच्या बॅचमधल्या एका ताईंनी ८ किलो डाव्या हाताने अगदी शुद्ध पद्धतीने सहा वेळा प्रेस केलं. १२ घेतल्यावर बेल कपाळाच्या उंचीला येऊन थांबला. त्यांची ताकद कमी नाही, मधली पायरीच नाही. अशा जागी लोक महिनोन् महिने ८ वर अडकतात किंवा १२ झटक्याने ढकलायला लागतात. दुसरा रस्ता खांदा दुखावण्याचा.

तेव्हा धोरण असं ठरवलं: ६ ते १६ मध्ये दोन-दोन किलोचे टप्पे, १६ च्या पुढे चार-चारचे. १६ वरून २० ही २५ टक्क्यांची उडी राहते. १८ मिळालं असतं तर उत्तम, पण ते सहज मिळत नाही. ज्याच्या १६ वर नऊ-दहा शुद्ध रेप होतात त्याने २० घ्यावं, असा नियम चालेल.

मनगटाला बांधायचं अर्ध्या किलोचं वेलक्रोचं वजन हँडलला गुंडाळून मधली पायरी करता येते का, असं विचारलं गेलं. सावकाश प्रेससाठी, घट्ट बांधून, चालेल. स्विंग, क्लीन (बेल झोक्याने छातीशी आणणं) किंवा स्नॅच (एका झोक्यात डोक्यावर नेणं) यांत कधीही नाही. सुटून समोरच्याला लागेल.

१६ एप्रिल

स्विंगची तपासणी.

इथे चूक उलट्या बाजूने होते, लोक फार हलकं वजन मागतात. ८ किलोचा स्विंग दिसायला सोपा असतो, पण तो हाताने उचलता येतो आणि नवखा माणूस नेमकं तेच करतो. बेल डोक्याच्या उंचीला जातो, खांदे थकतात, खुब्यातून वाकायची सवय लागतच नाही. पुरेसं वजन असलं की हातांनी उचलणं जमतच नाही, खुबा आपोआप कामाला लागतो आणि बेल छातीच्या उंचीला येऊन थांबतो.

सकाळच्या बॅचमध्ये काहींना १२ चा आकडा ऐकूनच धसका बसला. पाण्याचा २० लिटरचा भरलेला जार २० किलोच्या वर जातो आणि तो त्या घरी डिस्पेन्सरवर चढवतात, हे सांगितल्यावर हात पुढे आले. आधी डेडलिफ्ट, म्हणजे बेल जमिनीवरून उचलून नुसतं उभं राहणं, पाठ सरळ, ओझं टाचांवर. ते दहा वेळा नीट झालं तरच स्विंग.

हात काम करतायत की खुबा, हे ओळखायला पंचाचा उपयोग केला. पंचा हँडलमधून ओवून दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरायची आणि ८ किलोने छोटे स्विंग घ्यायचे. खुब्याचा धक्का बरोबर असेल तर हात, पंचा आणि बेल एका रेषेत राहतात. हाताने ओढलं की बेल पंचाच्या टोकाला लोंबतो. समोर आणि मागे कोणी उभं राहायचं नाही, पंचा जुना विरलेला नको.

निष्कर्ष: सकाळच्या बॅचची सुरुवात १२ ने, बऱ्याच जणी लवकरच १६ वर जातील. मुलांची सुरुवात १६ ने, पुढे २० आणि २४. काकांसाठी १२ ते १६ चं डेडलिफ्ट आणि ८-८ ची जोडी दोन्ही हातात घेऊन चालणं. ज्यांना रक्तदाब, हर्निया किंवा पाठीचं जुनं दुखणं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि उचलताना श्वास कोंडायचा नाही. गेट-अप, म्हणजे बेल हातात वर धरून आडव्याचं उभं राहणं, सगळ्यांनी आधी रिकाम्या मुठीवर चप्पल ठेवून करायचा. चप्पल पडली तर मनगट वाकडं झालं असं समजावं. त्यानंतर प्रेसचंच वजन.

२० एप्रिल

प्रकार कोणता घ्यायचा?

सिमेंट भरलेले प्लॅस्टिकचे बेल यादीतून काढले. गोळा अवजड होतो, हँडल जाड, जमिनीवर आपटला की तडा जातो आणि आतला भुगा सांडतो.

स्पर्धेचे बेल पोलादाचे. सगळी वजनं एकाच आकाराची: गोळ्याचा व्यास २१० मिमी, उंची २८० मिमी. रंग वजनाप्रमाणे ठरलेले: १६ पिवळा. गुलाबी ८ चा. १२ निळा, २० जांभळा, २४ हिरवा, ३२ लाल. एवढ्या मापाचा गोळा भरीव ओतला तर तो ३५ किलोच्या वर जाईल, म्हणून हलके बेल आतून पोकळ असतात. वजन बदललं तरी बेल हातावर त्याच जागी टेकतो, हा मोठा फायदा. पण ८ किलोसाठीही २१ सेंटिमीटरचा गोळा पायांमधून न्यायचा, तो बुटक्या अंगाच्या माणसाला अडचणीचा. शिवाय किलोमागे भाव बराच जास्त.

बिडाचे भरीव बेल वजनाप्रमाणे लहान-मोठे होतात. १६ किलोचा गोळा सुमारे १६ सेंटिमीटरचा. मिश्र गटासाठी आणि या पैशात बीडच योग्य.

हँडल: १६ आणि वरच्या वजनांना ३३ ते ३५ मिमी जाडी. हलक्यांना थोडं बारीक चालेल. क्रोमचं हँडल नको. आपल्याकडच्या घामात ते साबणासारखं निसटतं. गुळगुळीत ऑइल पेंटही नको, किंचित खरखरीत पावडर कोट हवा.

२६ एप्रिल

धोबीतलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतून फिरलो. माल मुख्यतः जालंधर-मेरठकडचा. सोबत हँडलची जाडी मोजायला व्हर्नियर, ताणकाटा आणि सुती रुमाल नेला होता.

एका दुकानात १६ चा शिक्का असलेल्या दोन बेलपैकी एक १५.३ किलो भरला, दुसरा १६.२. वेगवेगळे वापरले तर कदाचित कळणारही नाही. जोडीने रॅकमध्ये धरले की ९०० ग्रॅमचा फरक शरीर लगेच ओळखतं, एक खांदा खाली जातो. आपली मर्यादा अशी: शिक्क्यापेक्षा २ टक्क्यांहून जास्त फरक नको, आणि जोडीतल्या दोघांत २०० ग्रॅमपेक्षा जास्त नको.

बघायच्या बाकीच्या गोष्टी. हँडलच्या आतल्या बाजूने रुमाल फिरवायचा. अडकला तर ओतकामाची सांध्याची रेघ उभी आहे, ती तळहाताची कातडी सोलते. बेल सपाट फरशीवर ठेवून कोपऱ्यांवर दाबायचा, डुगडुगला की नाही म्हणायचं. कानाशी हलवायचा, आत खुळखुळ वाजलं तर भरलेला माल सुटा आहे. हँडलखालच्या फटीत हात मनगटापर्यंत शिरायला हवा, नाहीतर रॅकमध्ये हँडल तळव्यात तिरपं बसत नाही. शेवटी, १२ च्या पुढच्या बेलवर दोन्ही हातांच्या मुठी शेजारी-शेजारी मावतात का ते पाहायचं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतून ओतून घेण्याचाही विचार झाला. अकरा नगांसाठी पॅटर्नचा, म्हणजे साच्याच्या नमुन्याचा, खर्च परवडत नाही. चार-पाच व्यायामशाळा एकत्र आल्या तर तो रस्ता खरोखर चांगला आहे, १८ किलोही आपल्या मापाने करून घेता येईल.

३ मे

यादी पक्की. ६ एक, ८ दोन, १० एक, १२ दोन, १४ एक, १६ दोन, २० एक, २४ एक. अकरा नग, १४६ किलो. बैठकीतल्या सूचनेपेक्षा फक्त दोन किलो जास्त लोखंड, पण प्रत्येक नग कोणाच्या ना कोणाच्या हातात रोज जाईल असा.

१० आणि १४ वेगळ्या व्यापाऱ्याकडे मिळाले, किलोमागे २४० ने, म्हणजे ५,७६०. बाकीचे १२२ किलो १९० ने, २३,१८०. मॅट १२,०००. मांडणीसाठी जुन्या अँगलच्या घोड्याचं वेल्डिंग आणि फळ्या २,५००. उरलेले १,५६० हातगाडी, पकडीसाठी हाताला लावायचा चॉक, कानस, तारेचा ब्रश यांना.

जोड्या ८, १२ आणि १६ च्याच का? ८ ची जोडी काकांच्या चालण्याला, १२ ची बायकांच्या दुहेरी स्क्वाटला, १६ ची मुलांच्या दुहेरी क्लीन आणि प्रेसला. शिवाय बॅचमध्ये गर्दी होते ती याच वजनांवर.

११ मे

माल हातगाडीने आला. सगळे नग किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पुन्हा तोलले. २० चा एक ६५० ग्रॅमने कमी भरला, बदलून मागितला.

दोन हँडलांवर बारीक रेघ होती. आधी अर्धगोल कानस, हात एकाच दिशेने, रेघ दिसेनाशी होईपर्यंत. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर पट्टी कापून बूट पुसतात तसा हँडलभोवती ओढला, शेवटी १२०. त्याहून बारीक घेऊ नये, पृष्ठभाग गुळगुळीत होऊन पकड जाते. घासल्यामुळे जिथे कोट गेला, तिथे उघडं बीड राहिलं आहे. त्यावर लक्ष ठेवायला हवं.

खऱ्या वजनाचा आकडा प्रत्येकाच्या बुडाला पांढऱ्या रंगाने लिहिला.

१४ मे

मॅट बसली. ५० गुणिले ५० सेंटिमीटरच्या, २० मिमी जाडीच्या रबरी लाद्या, ४८ नग, म्हणजे १२ चौरस मीटर. शहाबादी फरशी टोकावर आपटलेल्या १६ किलोनेही तडकते, म्हणून जाडीत काटकसर केली नाही. मऊ फोमच्या रंगीत मॅट मुद्दाम टाळल्या. त्यात टाच रुतते आणि स्विंगमध्ये तोल जातो. स्विंगला माणशी दोन मीटर गुणिले दोन मीटर धरलं तर एका वेळी तिघं. चौथ्याने खिडकीपाशी प्रेस करावा. बूट जाड तळव्याचे नकोत, अनवाणी उत्तम.

मांडणी भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवली. २४ आणि २० सर्वांत खाली, ६ वर.

२६ मे

पाऊस आजच मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी. गंजाची तयारी जूनमध्ये करायची होती, ती आज उरकली.

समुद्र जवळ, हवा खारट, भिंतीला ओल. त्यात चॉकची पूड घाम आणि दमट हवा धरून ठेवते, त्यामुळे गंज पहिल्यांदा हँडलच्या आतल्या वळणावर धरतो. रोज शेवटच्या बॅचने नायलॉनच्या ब्रशने चॉक झाडायचा आणि सुक्या फडक्याने पुसायचं. ओला फडका नाही. तांबूस डाग दिसला की तारेच्या ब्रशने घासायचा. गोळ्यावर असेल तर रेड ऑक्साइडचा हात आणि वर काळा रंग. हँडलवर रंग द्यायचा नाही. घासून, मशीन ऑइलचा एक थेंब फडक्यावर घेऊन रात्री फिरवायचा आणि सकाळी कोरडं पुसून घ्यायचं. तेल तसंच राहिलं तर बेल हातातून सुटेल, म्हणून ही जबाबदारी एकाच माणसाकडे.

१५ जून

वापर पाहता १० किलोचा बेल सर्वांत जास्त फिरतो आहे. ८ वर सहा रेप करणाऱ्या ताई आता १० डाव्या हाताने तीनदा प्रेस करतात, पाठ सरळ ठेवून. १४ वरही मुलांची रांग लागते, कारण शुद्ध पद्धतीने मोजल्यावर १६ त्यांच्या प्रेसला जड निघाला होता. त्यांनी स्वतः होऊन खाली उतरून १४ घेतला, हे फार चांगलं झालं.

हाताला घट्टे येतायत. बेल बोटांच्या मुळाशी, हुकासारख्या वाकवलेल्या बोटांत धरायचा; तळव्याच्या मधोमध आवळून धरला की कातडीची घडी चिमटून सोलते. घट्टा वाढला तर आंघोळीनंतर वज्रीने हलकेच घासावा, कापू नये.

क्लीनमध्ये बेल कोपराखालच्या हातावर आदळतो, ही तक्रार सगळ्या गटांत आहे. वजन कमी करून ती जात नाही. बेल शरीरापासून लांब फिरवला की तो वरून उलटून पडतो. कोपर अंगाशी ठेवून, हात हँडलमध्ये आधीच खोल सरकवायचा, म्हणजे बेल हाताभोवती वळतो. भिंतीकडे तोंड करून हातभर अंतरावर उभं राहून ६ किलोने सराव दिला, दोन-तीन दिवसांत फरक दिसला.

६ जुलै

मंडळाकडे पुढच्या मागणीचा कागद दिला: १० चा आणखी एक, १४ चा आणखी एक. २८ ची मागणी संध्याकाळच्या बॅचकडून आली आहे. २४ ने एका हाताचे दहा स्विंग, दोन्ही बाजूंनी, बेल छातीच्या वर न जाता आणि खाली ठेवतानाही पाठ न वाकवता जे करतील, असे तिघं झाले की २८ घेऊ. सध्या एकाला जमतं. उजव्या बाजूने.